होलोकोला 'मध्ययुगीन' म्हणणं थांबवा

जुनापूल

गेल्या आठवड्यात इथे 'फिरस्ती' यांचा होलोकोवरचा लेख आला: 'मध्ययुगीन हंगेरी पुन्हा जिवंत करणारं गाव'. त्यात 'सातशे वर्षांपूर्वीचं गाव जसंच्या तसं उभं आहे' असं वाक्य होतं. खाली चाळीसेक प्रतिसाद, सगळे 'वा, आपल्याकडे असं का नाही' या थाटाचे. तिथेच चार ओळी लिहून सोडून देणार होतो, पण झोप लागेना. म्हणून वेगळा धागा.

मी सहा वर्षं बुडापेस्टमध्ये नोकरी केली, त्यात होलोकोला चार वेळा गेलो. हे गाव मला मनापासून आवडतं, म्हणूनच हे वाक्य खटकलं.

जसंच्या तसं काय आहे ते पाहू. टेकडीवरचा किल्ला तेराव्या शतकातला, हे खरं. १२४१-४२ साली मंगोल हंगेरी तुडवून गेले, त्यानंतर राजाने दगडी किल्ले बांधायला लावले, त्यांतला हा एक. पण तोही अखंड राहिलेला नाही. तुर्कांच्या हाती गेला, पोलंडचा राजा सोबिएस्की याच्या फौजेने १६८३ मध्ये सोडवला, पुढे हॅब्सबर्ग राजवटीविरुद्धचा राकोत्सी या सरदाराचा उठाव मोडल्यावर १७११ च्या सुमारास तो पुन्हा लढण्याजोगा राहू नये म्हणून पाडायला घेतला. आज आपण चढतो त्या भिंतींवर विसाव्या शतकातली डागडुजी आहे. गावातलं ते लाकडी मनोऱ्याचं, फोटोत हमखास येणारं चर्च १८८९ चं. आणि घरं? १९०९ मध्ये मोठी आग लागली आणि गाव जळालं. त्याआधीही अनेकदा जळालं होतं, कारण छपरं पेंढ्याची. १९०९ नंतर लोकांनी दगडाची जोती घातली, मातीच्या विटांच्या भिंती उभारल्या, वर कौलं चढवली. आज पर्यटक ज्या पांढऱ्या भिंतींचा फोटो काढतात त्या माझ्या पणजोबांच्या काळातल्या आहेत. खुद्द युनेस्कोने १९८७ मध्ये हे गाव यादीत घेतलं तेव्हा 'मध्ययुगीन' म्हणून घेतलंच नाही. सतराव्या-अठराव्या शतकात वाढलेलं, यंत्रं शेतीत येण्याआधीचं खेड्यातलं जगणं दाखवणारं गाव, असं त्यांचं म्हणणं आहे.

वेशभूषेचंही तेच. एकावर एक परकर, मण्यांची डोक्यावरची सजावट, हे पालोत्स (उत्तर हंगेरीतला एक समाज) बायकांचं वैभव खरंच. पण त्यातलं रंगीत कापड आणि रिबिनी एकोणिसाव्या शतकात गिरण्या आल्यावर खेड्याला परवडायला लागल्या. बाजारात गुलाश खात 'राजा मात्याशच्या काळची चव' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की गुलाशातली पाप्रिका, म्हणजे लाल मिरची, अमेरिकेतून आली. हंगेरीचा हा राजा मात्याश १४९० मध्ये वारला, कोलंबस १४९२ मध्ये निघाला.

आता कुणी म्हणेल, काय फरक पडतो? मला पडतो. तिसऱ्या खेपेला मी विणकामाच्या घरात बसलो होतो. मागावर सत्तरीची बाई होती. बाहेर बसचा हॉर्न वाजला तशी ती उठली, पायातले खेळाचे बूट काढून कोपऱ्यात सरकवले, काळे चामडी बूट घातले, लेस बांधल्या आणि पुन्हा मागावर बसली. लोक आत आले, एकाने विचारलं, हे सगळं मध्ययुगातलं का? तिने मान डोलावली. लोक गेल्यावर मला म्हणाली, हा माग माझ्या आजोबांनी आगीनंतर केला. जळलेल्या घरातून फक्त लोखंडी भाग निघाले होते, लाकूड नवं घातलं.

ही गोष्ट त्या पर्यटकांना कुणी सांगितली नाही. राखेतून लोखंड वेचून पुन्हा माग उभा करणारा माणूस त्या 'सातशे वर्षां'मध्ये पुसला गेला. परंपरा जिवंत करायची तर त्या माणसाची करा. किल्ल्यातल्या सरदाराची कशाला?

रानवाटा

लेख मुद्देसूद, पण मुद्दा पटला नाही.

तुम्ही सहा वर्षं बुडापेस्टमध्ये राहिलात, पगार घेतलात, तारखा तपासायला तुमच्याकडे वेळ होता. गावात तीनशे-साडेतीनशे माणसं आहेत. तरुण मंडळी कधीच शाल्गोतार्यानला, बुडापेस्टला गेली. खाणी बंद झाल्यावर होलोकोच्या नोग्राद जिल्ह्यात नोकऱ्या उरल्या नाहीत. अशा गावात एखादा शब्द गाडी भरून माणसं आणत असेल तर आणू दे की. 'मध्ययुगीन' म्हटलं की लोक येतात. '१९०९ ची पुनर्बांधणी' म्हटलं तर कोण येणार?

माझं दुखणं सांगतो. सातारा जिल्ह्यात आमचा वाडा होता. दोन चौक, सागवानी खांब, माजघरात भुयारासारखं बळद. मालक सतरा. डागडुजीला सतरा सह्या लागायच्या, त्यांतले चार पुण्यात, दोन अमेरिकेत, एकाचा पत्ताच नाही. दहा वर्षं आम्ही सह्या गोळा करत होतो आणि दहा पावसाळे वाडा गळत होता. शेवटी मागचा चौक बसला. खांब जळाऊ लाकडाच्या भावाने गेले, मी समोर उभा होतो. त्या वेळी कुणी येऊन म्हणालं असतं की वाडा शिवकालीन म्हणून पाटी लावा, छपराचे पैसे देतो, तर मी एका मिनिटात पाटी लावली असती. वाडा पेशवाईनंतरचा होता हे मला माहीत असूनही.

परवा जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी. सगळ्यांनी पेढे वाटले. पायथ्याच्या गावांतली घरं पत्र्याची झाली, त्याबद्दल एक तरी धागा निघाला का? होलोकोने निदान घरं राखली. तुम्ही त्यांना शब्दावरून झोडताय.

जुनापूल

गावाला झोडत नाहीये. लेखाला झोडतोय.

वाड्याबद्दल खरंच वाईट वाटलं. पण शिवकालीन अशी खोटी पाटी लावली असतीत तर उद्या तुमचा नातू कुठल्या वाड्याचा असता?

पाटावरवंटा

पाप्रिकेचा विषय निघालाच आहे तर बोलते, कारण या मिरचीच्या हिशोबाचा मला जाम वैताग आला आहे. दर वेळी कुणीतरी येऊन सांगतं की मिरची पोर्तुगीजांनी आणली, बटाटा बाहेरचा, म्हणजे तुमचा ठेचा परका. चारशे वर्षं आमच्या बायकांनी पाट्यावर वाटली, अजून परकीच?

जुनापूल यांनी पालोत्स सूप सोडलं, ते मी सांगते, कारण ते त्यांच्या बाजूचं आहे असं वाटेल. मटण, श्रावणघेवडा, बटाटा आणि वरून आंबट साय. हॉटेलात 'प्राचीन पालोत्स पदार्थ' म्हणून मिळतं. हे सूप बुडापेस्टच्या गुंडेल यानोश नावाच्या हॉटेलवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिक्सात काल्मान या लेखकासाठी रचलं. मिक्सात पालोत्स मुलखातला, त्याच्या कथाही तिथल्याच, म्हणून सूपही पालोत्स. गावात ते कुणी शिजवत नव्हतं.

पण आज शिजवतात! शंभराहून जास्त वर्षं झाली. मी हंगेरीत एका घरी खाल्लं, त्या घरच्या बाईने आईकडून शिकलं होतं, आईने तिच्या आईकडून. तीन पिढ्या. मग ते कधी 'खरं' होणार? जुनापूल, तुमचा नियम लावला तर जगात एकही पदार्थ खरा नाही.

जुनापूल

पदार्थ खरा आहे. 'प्राचीन' खोटं आहे. गुंडेलचं नाव सांगून वाढा, मी दोन वाट्या खाईन.

झुळूक

सगळे दगडमाती आणि सूप घेऊन बसलेत. होलोकोची सगळ्यात प्रसिद्ध 'परंपरा' कुणी काढली नाही, ती मी काढते. ईस्टरचा सोमवार. लोचोल्कोदाश.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुरुष मुलींवर पाणी ओततात. शहरात अत्तर शिंपडतात, होलोकोत मात्र विहिरीवर, पारंपरिक वेशात, बादल्यांनी. मुलगी किंचाळते, कॅमेरे चालतात. मुलीने बदल्यात रंगवलेलं अंडं द्यायचं. जगभरच्या वर्तमानपत्रांत दर वर्षी तोच फोटो.

मी दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन गेले होते. ती तेरा वर्षांची. गर्दीत एका अनोळखी माणसाने, पोशाखवाला नव्हे, साधा पर्यटकच, बाटलीतलं पाणी तिच्या पाठीवर ओतलं आणि हसला. एप्रिलातली थंडी. तिला रडू फुटलं. मी ओरडले तर बाजूचा म्हणतो, मॅडम, ट्रॅडिशन!

हा शब्द मी मुंबईच्या लोकलमध्ये लहानपणापासून ऐकलाय. होळीच्या आठवड्यात खिडकीतून फुगा यायचा, डोळ्यावर बसायचा, आणि मोठी माणसं म्हणायची, बुरा न मानो. आमच्या डब्यातल्या एका मुलीचा डोळा आठवडाभर उघडत नव्हता. तेव्हा कुठली परंपरा जिवंत करायची आणि कुठली मरू द्यायची हे कोण ठरवतं, यावर आधी बोला. १९०९ च्या आगीचं नंतर बघू.

डॅन्यूबकाठ

झुळूक, तुमच्या मुलीबरोबर झालं ते वाईटच, त्या माणसाला पोलिसांकडे द्यायला हवं होतं. पण ते लोचोल्कोदाश नव्हे.

इथे हंगेरीत राहून अकरा वर्षं झाली. खऱ्या प्रथेत मुलगा दारात येतो आणि आधी कविता म्हणतो. सगळ्यांना पाठ असलेली एक आहे: हिरव्या रानात फिरत होतो, निळं व्हायोलेट दिसलं, कोमेजायला आलं होतं, शिंपू का? शेवटचा शब्द प्रश्न आहे. 'साबाद-ए लोचोल्नी?' म्हणजे शिंपायची परवानगी आहे का? परवानगी मागून पाणी घालणारी प्रथा आणि लोकलच्या खिडकीतला फुगा यांना एका पंगतीत बसवू नका.

झुळूक

छान. मग सांगा, त्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देणारी एक तरी मुलगी अकरा वर्षांत पाहिलीत? ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालतं त्याला परवानगी म्हणत नाहीत.

आणि विहिरीवरच्या बादलीआधी कविता कोण म्हणतं? दोघं दोन हातांना धरतात आणि तिसरा बादली ओततो. मी समोर उभी होते.

रानवाटा

आलं. प्रत्येक सणात अत्याचार शोधायचाच. त्या मुली स्वखुशीने पोशाख करून येतात, सरावही करतात. त्यांना विचारलंत का? की मुंबईहून जाऊन त्यांना सांगणार की बायांनो, तुमच्यावर अन्याय होतोय?

मुलीचं रडणं समजू शकतो, पण एका बाटलीभर पाण्यावरून गावाचा सण मोडीत काढायचा?

झुळूक

'एका बाटलीभर पाण्यावरून.' तुमच्या वाड्याच्या खांबांसाठी या धाग्यावर सगळे हळहळले. माझ्या मुलीसाठी 'एक बाटलीभर'. तुमचं दुखणं ते दुखणं आणि आमचं ते नखरे, हेच ना?

रानवाटा

माझ्या तोंडी शब्द घालू नका. मी 'समजू शकतो' असं लिहिलंय.

पाटावरवंटा

रानवाटा, ते 'पण'च्या आधी लिहिलंय तुम्ही. आमच्याकडे 'पण'च्या आधीचं कुणी ऐकत नाही.

संपादक

वैयक्तिक उल्लेख टाळावेत. धागा होलोकोपुरता ठेवावा, ही विनंती.

कंदील

बरीच वर्षं नुसती वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण माझं सासर नोग्रादमधलं. होलोको नव्हे, त्याच चेरहातच्या डोंगरातलं शेजारचं गाव. सासूबाई पक्क्या पालोत्स. हा धागा दुपारी त्यांना जमेल तसा हंगेरियनमध्ये सांगितला. स्वयंपाकघरात बसून दोन तास त्या बोलत होत्या. जे सांगितलं ते लिहिते, कुणाची बाजू घेत नाही.

पाण्याचं आधी. त्यांच्या लहानपणी मुलींना खरंच विहिरीवर ओढत न्यायचे. पाणी बर्फासारखं, दोन दिवस ताप यायचा. पण सोमवारी दुपारपर्यंत दारात कुणीच आलं नाही तर त्याहून वाईट. आई तोंड पाडून बसायची, शेजारीण मुद्दाम विचारायला यायची, तुमच्याकडे कितीजण आले? म्हणजे भिजलीस तर आजारी आणि कोरडी राहिलीस तर नाक कापलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला हे अजिबात सहन व्हायचं नाही. ती पहाटेच कोठीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून बसायची. वडील बाहेरून दार वाजवायचे, लोक काय म्हणतील म्हणून. ती उघडायची नाही. गावाने तिला 'कोरडी' असं नावच पाडलं होतं, म्हातारी होईपर्यंत.

तेव्हा झुळूकताई, 'नाही' म्हणणारी एक होती. तिला त्याची किंमत पडली.

पोशाखाचं. सासूबाईंकडे आईचा एक परकर आहे. ओला असताना एकेक चुणी बोटाने घालायची, मग दोऱ्याने आवळून बांधून वाळवायचा. एका परकराला अख्खा दिवस जातो. असे सणाला आठ-दहा चढवायचे. बसता येत नाही, चर्चमध्ये उभंच राहावं लागतं. त्यांनी हा पोशाख साठच्या दशकात कारखान्यात कामाला लागल्यावर सोडला. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाल्या, पहिल्या दिवशी साध्या फ्रॉकमध्ये बसकडे धावत गेले, धावता आलं म्हणून रडले. आता दर ईस्टरला होलोकोच्या उत्सवात तोच पोशाख घालून उभ्या राहतात, त्याचे थोडे पैसेही मिळतात. मग आता कसं वाटतं, तर म्हणाल्या, आता मला संध्याकाळी काढता येतो.

घरात रस्त्याकडची पहिली खोली 'तिस्ता सोबा', स्वच्छ खोली. तिथे पलंगावर छतापर्यंत उशा आणि लेकीच्या लग्नाच्या चादरी रचलेल्या. त्या पलंगावर कधीच कुणी झोपत नसे. झोपायचं सगळ्यांनी मागे, दाटीवाटीने. पर्यटकांना ती पहिली खोली दाखवतात. सासूबाई म्हणाल्या, आम्हीही पाहुण्यांना तीच दाखवायचो, त्यात नवीन काय?

आणि एक गोष्ट इथे कुणी काढली नाही, ती त्यांना सगळ्यात जास्त लागते. बोली. बुडापेस्टचा 'ऑ' पालोत्स तोंडी सरळ 'अ' होतो. शाळेत त्याबद्दल त्यांना उभं करायचे, अख्ख्या वर्गासमोर तोच शब्द दहादा म्हणायला लावायचे. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याशी मुद्दाम शहरी बोली ठेवली, त्याला उभं करू नयेत म्हणून. आता परकर आले, अंडी आली, माग आला, पण उत्सवात माइकवर बोलणारा बुडापेस्टच्या उच्चारात बोलतो. सासूबाई माझ्याशी मात्र बोलीत बोलतात, कारण मला फरक कळणार नाही असं त्यांना आधी वाटायचं. मी शिकले तीच हंगेरियन. आमच्या गल्लीत मी एकटी परदेशी आणि माझेच उच्चार पालोत्स. जुनी माणसं मला थांबवून बोलायला लावतात.

'मध्ययुगीन' हा शब्द मी त्यांना विचारला. त्यांनी खांदे उडवले. घरात कुणी तो वापरत नाही. म्हणतात, 'आजीच्या वेळचं'.

डॅन्यूबकाठ

कंदील, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. झुळूक, 'एकच उत्तर चालतं' हे तुमचं म्हणणं मान्य. कवितेवर मी जास्तच भिस्त ठेवली.

बोलीचं वाचून मला जे सांगायचंय ते आणखी पटलं. पुनरुज्जीवन कशाला म्हणायचं? मध्ययुगच हवं असेल तर डॅन्यूबच्या वळणावर विशेग्रादला जा. तिथे १३३५ मध्ये हंगेरी, पोलंड आणि बोहेमियाचे राजे बसले होते, मात्याशचा उन्हाळी राजवाडा होता. तो इतका गाडला गेला होता की लोकांना तो दंतकथा वाटायचा. १९३४ पासून खणून काढला, पडलेल्या तुकड्यांवरून कारंजी पुन्हा घडवली. दर जुलैला तिथे घोड्यावरच्या भाल्यांचे सामने होतात. सुंदर सोहळा, मी दोनदा पाहिलाय. पण तो पाहायचा असतो, दोरीच्या अलीकडून.

याउलट तांत्सहाज घ्या. मे १९७२ मध्ये बुडापेस्टच्या तरुण पोरांनी एका सभागृहात ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक गावची नाचगाणी सुरू केली. व्यासपीठ नाही, प्रेक्षक नाहीत, आलात तर नाचायचं. वादक सेकला जाऊन म्हाताऱ्या गावकऱ्यांकडून शिकून आले. २०११ मध्ये युनेस्कोने वारसा जतनाची उत्तम पद्धत म्हणून त्याची नोंद केली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुठला, काय, कुणी विचारलं नाही. एका आजोबांनी मनगट धरलं, वर्तुळात ओढलं आणि माझ्या पावलाशेजारी स्वतःचं पाऊल आपटून ताल दाखवला. गाणं संपेपर्यंत हात सोडला नाही. ते नृत्य त्या सभागृहाचं नव्हतं, बुडापेस्टचंही नव्हतं. तरी ते माझ्या डोळ्यांसमोर जिवंत होतं.

होलोकोत मला अजून कुणी असं ओढून घेतलं नाही. तिथे मला पावती मिळते.

रानवाटा

तांत्सहाज शहरात आहे, तिथे लोक आहेत. ओस पडलेल्या गावात वर्तुळ करायलाही माणसं लागतात. पावती फाडूनच ती टिकतात. हा फरक शहरातल्यांच्या लक्षात येत नाही.

बोलीबद्दल कंदील यांनी लिहिलं ते मात्र आत लागलं. आमच्या आजीने पुण्याला आल्यावर बोलणंच कमी केलं होतं.

झुळूक, 'बाटलीभर' हा शब्द चुकला. मागे घेतो.

झुळूक

घेतलात, बरं झालं.

फिरस्ती

ज्या लेखावरून हे सगळं झालं तो माझा.

पहिल्या दिवशी राग आला. मी पाच दिवसांच्या सुट्टीत एक दिवस तिथे गेलो, वाटाड्याने सांगितलं ते लिहिलं, हौसेने लिहिलं. जुनापूल यांनी चार फेऱ्यांचा हिशोब मांडून मला उघडं पाडलं. पण त्यांनाही विचारतो: पहिल्या फेरीला तुम्ही का गेलात? पोस्टरवर किल्ला बघूनच ना? तुम्ही विणकर आजींपर्यंत पोचलात ते त्याच 'मध्ययुगीन' शब्दाचं बोट धरून.

दुसरं म्हणजे आग लागली तरी सगळं जळत नाही. घरं १९०९ नंतरची, कबूल. पण लोकांनी ती कुठे बांधली? जुन्याच जागी, जुन्याच ओळीत. रस्ता चर्चपाशी दुभंगतो आणि पुन्हा जुळतो, दोन्ही बाजूंना घरांच्या निमुळत्या बाजू रस्त्याला आणि अंगण मागे लांब. पलीकडे चिंचोळ्या पट्ट्यांची शेतं. ही आखणी आगीच्या आधीची आहे, आणि युनेस्कोने गावासोबत ही शेतं, बागा, कुरणंही जपली आहेत. कौल बदललं, ओळ बदलली नाही. त्याला जुनं म्हणायचं नाही तर कशाला?

'सातशे वर्षं जसंच्या तसं' हे वाक्य चूक होतं. काढतो.

जुनापूल

पहिल्या फेरीला किल्ला बघूनच गेलो होतो. खोटं बोलणार नाही.

आखणीचा मुद्दाही मान्य करावा लागतोय. मी घरांकडेच बघत राहिलो, घरांमधल्या जागेकडे नाही. आजोबांनी माग नवा केला पण ठेवला जुन्या खिडकीखालीच, हे त्या आजींनीही सांगितलं होतं, मीच वर लिहायचं सोडलं. तरी शीर्षकातल्या 'मध्ययुगीन'वर मी ठाम आहे. तिथे १९०९ घाला, आगीचं लिहा. रानवाटा म्हणतात लोक येणार नाहीत. जळून राख झालेलं गाव माणसांनी परत त्याच ओळीत उभं केलं, हे ऐकून मी तरी आलो असतो.

पाटावरवंटा

सुपाचंही लिहा त्या लेखात. गुंडेलच्या नावासकट. आणि तीन पिढ्यांसकट.

फिरस्ती

लिहितो. कंदील, बोलीबद्दलचा तुमचा भाग तुमच्या परवानगीने घेऊ का?

कंदील

सासूबाईंना विचारून सांगते. शाळेचा भाग त्या बहुधा नको म्हणतील.

झुळूक

कंदील, एक विचारायचं होतं. लेक आता पंधराची आहे. तुमचा प्रतिसाद तिने वाचला आणि त्या थोरल्या बहिणीबद्दल विचारत राहिली. ती म्हणते पुन्हा जाऊ या, पण त्या विहिरीवर नको. ईस्टरला तुमच्या गावात आलो तर चालेल का? तिच्यावर पाणी पडेल अशी भीती मला आहे, तिला नाही, म्हणून विचारतेय.

कंदील

या. शनिवारी या म्हणजे अंडी रंगवायला मिळतील. कांद्याच्या सालींत उकळतो आम्ही, लालसर तपकिरी होतात. सोमवारी पोरं सकाळपासून दुपारपर्यंत फिरतात, आमच्याकडे शेजारची तीन येतात, सगळ्यांत मोठा बारा वर्षांचा, हातात अत्तराची बाटली.

सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. त्या उठून कोठीच्या खोलीपाशी गेल्या आणि मला कडी दाखवली, बहिणीच्या वेळचीच आहे, माहेरचं घर विकलं तेव्हा दारासकट इकडे आणली होती. म्हणाल्या, मुलीला सांग, ही आतून लागते. तिने उघडली तरच.